जाळ्यात असावी सुटकेची वाट

मच्छीमार समुद्रात जाळे टाकतो ते कोळंबीसाठी, पापलेटसाठी किंवा बांगड्यासाठी. परंतु जाळे ओढून नौकेवर घेतले म्हणजे त्यात हवी तेवढीच मासळी आलेली असते असे नाही. बोटभर लांबीची पिल्ले, बाजारात ज्यांना गिऱ्हाईक नाही असे लहानसहान मासे, खेकडे, समुद्रसर्प आणि प्रसंगी एखादे समुद्री कासव किंवा डॉल्फिनही त्यात सापडते. हेतू नसताना जाळ्यात आलेल्या या जिवांना मत्स्यशास्त्रात 'आनुषंगिक पकड' असे म्हणतात. ही पकड कमी करणे हा जगातील सर्वच सागरी राष्ट्रांपुढील महत्त्वाचा प्रश्न असून, त्यावर गेल्या पाच दशकांत बरेच संशोधन झाले आहे. या संशोधनाची दिशा आणि त्याचा आपल्या किनाऱ्याशी असलेला संबंध यांची ओळख करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

शेतकरी पुढील हंगामासाठी बियाणे राखून ठेवतो. समुद्रातील मासळीचे बियाणे राखण्याचे काम निसर्ग करतो. पण त्यासाठी मासा वयात येऊन निदान एकदा तरी त्याची वीण झाली पाहिजे. वयात येण्यापूर्वीच पिल्लू पकडले गेले तर दुहेरी नुकसान होते. पूर्ण वाढीनंतर जे वजन आणि जो भाव मिळाला असता तो बुडतो आणि त्या माशापासून होणारी पुढची पिढीही बुडते. समुद्री कासवासारखा प्राणी वयात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. अशा प्राण्याच्या बाबतीत जाळ्यात होणारा मृत्यू भरून येण्यास फारच वेळ लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे २ कोटी ७० लाख टन मासळी पकडून पुन्हा समुद्रात टाकून दिली जात होती. याच संघटनेच्या २०१९ सालच्या अहवालात हा आकडा सुमारे ९१ लाख टन असा दिला आहे. त्यातील जवळजवळ निम्मा वाटा समुद्राच्या तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा आहे. दोन्ही अंदाजांच्या पद्धती वेगळ्या असल्याने त्यांची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही टाकून दिल्या जाणाऱ्या मासळीचे प्रमाण घटले आहे, याबद्दल तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही.

मात्र टाकून देण्याचे प्रमाण घटले म्हणजे नको ती पकड घटली, असे समजणे चुकीचे ठरेल. भारताच्या किनाऱ्यावर पूर्वी जी बारीक मासळी समुद्रातच टाकली जाई, ती आता बंदरावर आणली जाते. कारण कुक्कुटपालन आणि मत्स्यसंवर्धन यांना लागणारे खाद्य तयार करणारे कारखाने ती विकत घेतात. नौकेच्या डिझेलचा थोडाबहुत खर्च त्यातून निघतो. परंतु या ढिगातच उद्याचा पापलेट, उद्याची सुरमई आणि उद्याचा घोळ असतो. किलोमागे अगदी थोडक्या पैशांत ही मासळी विकली जाते, तेव्हा मच्छीमार आपलेच पुढील वर्षांचे उत्पन्न आज स्वस्तात विकत असतो.

ट्रॉल जाळे आणि त्याचा खोला

भारतात यांत्रिक मासेमारीला चालना मिळाली ती प्रामुख्याने १९५२ सालच्या करारानुसार केरळमध्ये सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पामुळे. त्यानंतर परदेशात कोळंबीला मागणी वाढत गेली, तसा ट्रॉल जाळ्यांचा प्रसार दोन्ही किनाऱ्यांवर झपाट्याने झाला. ट्रॉल जाळे नरसाळ्याच्या आकाराचे असते. त्याचे तोंड रुंद असून मागे ते निमुळते होत जाते आणि शेवटी पिशवीसारख्या भागात संपते. या शेवटच्या भागाला खोला म्हणतात. नौका जाळे ओढत असताना पुढे लावलेल्या दोन जड फळ्या पाण्याच्या दाबाने एकमेकींपासून दूर जातात व जाळ्याचे तोंड उघडे राहते. वाटेत जे जे येईल ते मागे मागे ढकलले जाऊन खोल्यात साठते.

कोळंबी आकाराने लहान, म्हणून तिच्यासाठी खोल्याचा आसही लहान ठेवावा लागतो. लहान आसातून कोळंबी सुटत नाही आणि कोळंबीएवढी कोणत्याही माशाची पिल्लेही सुटत नाहीत. उष्ण कटिबंधातील समुद्रात एकाच ठिकाणी अनेक जातींचे मासे एकत्र राहतात. त्यामुळे आपल्याकडे ही अडचण थंड समुद्रांतील देशांपेक्षा अधिक तीव्र आहे.

चौकोनी आसाची युक्ती

यावर सुचलेला एक उपाय अत्यंत साधा आहे. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले जाऊ लागले की ताणामुळे हा आस लांबट होऊन जवळजवळ मिटतो. कागदावर आसाचे माप कितीही असो, पाण्यात त्यातून पिल्लाला निसटता येत नाही. हेच जाळे एका वेगळ्या कोनातून कापून जोडले तर आस चौकोनी होतो. त्याच्या दोन बाजू ओढीच्या दिशेने व दोन आडव्या राहतात. त्यामुळे ताण पडूनही तो उघडाच राहतो आणि लहान मासे त्यातून बाहेर पडतात. याला नवे यंत्र लागत नाही की महाग साहित्य लागत नाही. जाळे विणणाऱ्याने खोला वेगळ्या पद्धतीने जोडणे एवढेच काय ते करावयाचे असते. गुजरात राज्याच्या नियमांत ट्रॉल जाळ्याच्या खोल्याला ४० मिलिमीटर मापाचा चौकोनी आस असणे आवश्यक ठरविण्यात आले आहे, ते याच कारणाने.

कासवासाठी दार

पिल्लांना वाट देण्यासाठी आस पुरेसा होतो. कासवासाठी मात्र दारच ठेवावे लागते. समुद्री कासव पाण्यात राहत असले तरी ते फुप्फुसांनी श्वास घेते. ठराविक वेळाने त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. ट्रॉल जाळे एका वेळी दोन-तीन तास ओढले जाते. तेवढ्या काळात खोल्यात अडकलेले कासव गुदमरून मरते.

अमेरिकेत कोळंबीच्या जाळ्यांत कासवे मोठ्या प्रमाणावर मरू लागल्यावर तेथील राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवेने १९८० च्या सुमारास एक साधन तयार केले. खोल्याच्या अलीकडे धातूच्या गजांची तिरपी जाळी बसवावयाची आणि तिच्या टोकाशी जाळ्याला एक झडप ठेवावयाची, अशी त्याची कल्पना होती. कोळंबी गजांमधून मागे खोल्यात जाते. कासव गजांना अडते, उतारावरून सरकत झडपेपर्यंत पोचते आणि बाहेर पडते. पाण्याच्या दाबाने झडप पुन्हा मिटते. तत्त्व उत्तम होते. पण सुरुवातीचे साधन म्हणजे एक जड, अवजड पिंजराच होता. नौकेवर ते हाताळणे कठीण होई व मच्छीमार ते वापरावयास तयार होत नसत.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. ही अडचण दूर करण्यास प्रयोगशाळेइतकाच मच्छीमारही उपयोगी पडला. जॉर्जिया राज्यातील सिंकी बून या कोळंबी पकडणाऱ्या मच्छीमाराने जेलीफिशच्या त्रासातून सुटण्यासाठी बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या जाळ्यात गजांची एक साधी चौकट बसविली होती. जेलीफिशच्या भाराने जाळे जड होई, कोळंबी चेंगरे आणि वेळ वाया जाई. म्हणून त्याने ही युक्ती काढली. तीच चौकट कासवालाही बाहेर काढते असे दिसून आले आणि पुढील अनेक साधने त्या धर्तीवर झाली. नॉर्वेतही असेच घडले. पॉल ब्राटॉय या मच्छीमाराने १९८९ साली जेलीफिशच्याच त्रासावर उपाय म्हणून कोळंबीच्या जाळ्यात गजांची जाळी बसविली. तिच्यामुळे कोळंबीबरोबर येणारी कॉड व हॅडॉक या माशांची पिल्लेही बाहेर पडतात, हे ध्यानात आल्यावर तेथील शास्त्रज्ञांनी तिच्या चाचण्या घेतल्या आणि काही वर्षांतच ती नॉर्वेच्या कोळंबी मासेमारीत सक्तीची झाली. त्याच्या प्रदेशावरून ती 'नॉर्डमोर जाळी' या नावाने जगभर ओळखली जाते. भारताला ट्रॉल मासेमारीची वाट दाखविण्यात ज्या देशाचा हात होता, त्याच देशातून त्या जाळ्याच्या दोषावरील एक उत्तम उपायही आला, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

कायदा, व्यापार आणि कासव

अमेरिकेने १९८७ साली आपल्या कोळंबी नौकांना कासव-मुक्ती साधन सक्तीचे केले. त्यानंतर १९८९ च्या कायद्याने, ज्या देशांतील मासेमारीत कासवांचे असे संरक्षण होत नाही त्यांची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेण्यास मनाई करण्यात आली. १९९६ साली ही अट सर्व देशांना लागू झाली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये संघटनेच्या अपील मंडळाने जो निर्णय दिला तो दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारा होता. कासवांचे रक्षण हा हेतू योग्य आहे. पण अट लागू करताना काही देशांना अधिक वेळ व मदत आणि काहींना नाही, हा भेदभाव अयोग्य आहे, असा त्याचा आशय होता.

आपल्या देशात या प्रश्नाचे केंद्र ओडिशाचा किनारा आहे. गहिरमाथा व ऋषिकुल्या नदीचे मुख येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे लाखोंच्या संख्येने अंडी घालण्यासाठी येतात. त्याच काळात तेथील समुद्रात मासेमारीचा हंगामही असतो. १९९७ साली गहिरमाथा सागरी अभयारण्य घोषित झाले आणि कासवांच्या संमेलनस्थळांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे या सात महिन्यांत मासेमारीस बंदी घालण्यात येते.

कोची येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने भारतीय नौकांच्या आकारास व येथील मिश्र मासळीस अनुरूप असे कासव-मुक्ती साधन तयार केले. परदेशी साधनातून कासवाबरोबर मोठी मासळीही निसटते, अशी मच्छीमारांची तक्रार होती. आणि आपल्याकडे कोळंबीबरोबर येणारी मोठी मासळी म्हणजे उत्पन्नाचा मोठा भाग. संस्थेच्या चाचण्यांत कोळंबीची घट एक टक्क्याच्या आत आणि इतर मासळीची घट तीन टक्क्यांच्या आसपास राहिली. तरीही प्रत्यक्ष वापर अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. २०१९ साली अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबविली, तेव्हा या दिरंगाईची किंमत किती मोठी असते ते दिसून आले. त्यानंतर अमेरिकी निकषांनुसार साधनात सुधारणा करून त्याच्या नव्याने चाचण्या घेण्यात आल्या. जाळ्यात शिरलेल्या कासवांपैकी ९७ टक्के कासवे सुखरूप बाहेर पडली पाहिजेत, असा हा निकष आहे.

याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लहान मासे सोडून देणारे व कोळंबी वेगळी करणारे आणखी एक साधन तयार केले आहे. त्यात गजांची जाळी पकडीचे दोन भाग करते. कोळंबी खालच्या भागात जमा होते. मासे वरच्या भागात जातात व तेथील मोठ्या आसातून पिल्ले निसटतात. नौकेवर निवड करण्याचा खलाशांचा वेळ वाचतो आणि कोळंबी माशांखाली चेंगरत नसल्याने तिचा दर्जाही टिकतो. २००५ साली एका आंतरराष्ट्रीय जाळे-सुधारणा स्पर्धेत या साधनाला पारितोषिक मिळाले.

अन्य देशांतील काही प्रयोग

प्रत्येक जाळ्याचा दोष वेगळा, म्हणून उपायही वेगळा. पूर्व पॅसिफिक महासागरात पिवळ्या परांचे कुपा मासे डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतात. त्यामुळे तेथील मच्छीमार डॉल्फिनभोवतीच पर्ससीन जाळे टाकीत आणि १९६० नंतरच्या दशकात दरवर्षी लाखो डॉल्फिन मरत. वेढा पूर्ण झाल्यावर नौका मागे घेऊन जाळ्याची एक कड पाण्याखाली बुडवावयाची व डॉल्फिनना बाहेर जाऊ द्यावयाचे, ही पद्धत तेथील नाविकांनीच शोधली. हॅरॉल्ड मेदिना या कप्तानाने त्या कडेला अगदी बारीक आसाचा पट्टा जोडला. पिल्ले सुटावीत म्हणून आस मोठा हवा, तर डॉल्फिनची तोंडे अडकू नयेत म्हणून तो लहान हवा! पुढे कायदे, निरीक्षक व आंतरराष्ट्रीय करार यांच्या साहाय्याने तेथील डॉल्फिनच्या मृत्यूंची संख्या वर्षाला काही हजारांच्या आत आली.

दक्षिणेकडील समुद्रांत लांब दोरीला हजारो गळ लावून मासेमारी करतात. आमिषावर झडप घालणारे अल्बट्रॉस पक्षी गळाला लागून बुडतात. नौकेच्या मागे रंगीत फिती लावलेली दोरी सोडली म्हणजे पक्षी जवळ येत नाहीत, ही युक्ती जपानी मच्छीमारांची. पक्षी वाचतात आणि आमिषही वाचते. पेरूमध्ये समुद्रतळाशी लावलेल्या जाळ्यांना हिरवे दिवे लावून केलेल्या प्रयोगात कासवे अडकण्याचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटले, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. कासवाला जाळे दिसावे म्हणून लावलेल्या या लहान दिव्यांचा, मासळी गोळा करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रखर एलईडी दिव्यांशी काही संबंध नाही. अशा प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर

आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलबरोबरच डोल जाळ्याचाही विचार करावा लागतो. डोल जाळे ओढले जात नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते एका जागी रोवलेले असते आणि प्रवाह जे आणील ते त्यात शिरते. बोंबील आणि जवळा यांच्यासाठी ते शतकानुशतके वापरात आहे. जवळा अगदी बारीक, त्यामुळे खोल्याचा आसही तितकाच बारीक ठेवावा लागतो आणि पापलेटची पिल्ले त्यात सापडतात. पारंपरिक जाळे निर्दोष आणि यांत्रिक जाळे तेवढे सदोष, अशी सोपी वाटणी म्हणूनच करता येत नाही.

राज्यात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू असून २०२१ साली त्यातील दंडाच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी केंद्र शासनाने ठरवून दिली आहे. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान देण्यात आला. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान निश्चित करण्यात आले. त्याहून लहान मासळी पकडणे व विकणे यांस प्रतिबंध आहे. केरळने असा मार्ग २०१५ पासून अनुसरला आहे.

संरक्षित प्राण्यांसाठी राज्याने २०१८ साली स्वीकारलेली योजना विशेष उल्लेखनीय आहे. कासव, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन जाळ्यात सापडल्यास मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडून द्यावे आणि त्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर करावी. जाळ्याच्या नुकसानीपोटी त्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभाग यांच्या सहकार्याने ती राबविली जाते. गुजरातच्या किनाऱ्यावर २००४ पासून चाललेल्या व्हेल शार्क बचाव मोहिमेचा अनुभव या कामी मार्गदर्शक ठरतो. ज्या किनाऱ्यावर हा प्रचंड मासा मारला जाई, तेथेच त्याला 'व्हाली' म्हणजे लाडकी म्हणून ओळखले जाऊ लागले आणि मच्छीमार स्वतः जाळी कापून त्याला सोडू लागले. जाळे कापणे म्हणजे घरातील कर्त्या अवजारावर सुरी चालविणे होय. नुकसान भरून मिळेल हा भरवसा असला तरच ते कोणाकडूनही होते.

खर्च कोणी सोसावयाचा?

साधने उपलब्ध आहेत आणि नियमही आहेत. मग अडते कोठे? एका तांडेलाने चौकोनी आसाचा खोला लावला आणि शेजारच्या नौकेने लावला नाही, तर पहिल्याने सोडलेली पिल्ले दुसऱ्याच्या जाळ्यात जातात. संयमाचा तोटा एकट्याला आणि फायदा सर्वांना, असे गणित असेल तर कोणीही संयम पाळणार नाही. म्हणून जाळ्यातील सुधारणा एका बंदरातील सर्व नौकांनी एकाच वेळी स्वीकारणे आवश्यक असते. हे काम एकट्या शासनाच्या गस्ती नौकेने होणारे नाही. किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्था ते अधिक चांगल्या रीतीने करू शकतात. कारण कोणाच्या नौकेवर कोणता खोला आहे, हे धक्क्यावर कोणापासून लपून राहत नाही.

दुसरे असे, की पहिल्या हंगामात पकडीत थोडी घट येते हे मान्य केले पाहिजे. घट होतच नाही असे सांगून मच्छीमाराचा विश्वास मिळत नाही. जाळे बदलण्याचा खर्च व पहिल्या हंगामातील घट यांचा भार कर्जात बुडालेल्या लहान नौकामालकावर पडू नये, यासाठी अनुदान व प्रात्यक्षिके यांची जोड हवी. बारीक मासळी घेणाऱ्या खरेदीदारावरही तीच बंधने हवीत. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे तो माल येतच राहतो.

तिसरी गोष्ट ग्राहकांच्या हाती आहे. हाताच्या पंजाएवढेही नसलेले पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेणारा ग्राहक या साखळीचा शेवटचा दुवा असतो. त्याने पूर्ण वाढलेली मासळी मागितली, तर तिचा परिणाम लिलावाच्या ओट्यापर्यंत आणि तेथून नौकेपर्यंत पोचल्याशिवाय राहणार नाही.

आतापर्यंतच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. बून आणि ब्राटॉय यांनी आपली चौकट कोणाच्या हुकमावरून बसविली नव्हती. स्वतःच्या कामातील अडचण त्यांना दूर करावयाची होती. शास्त्रज्ञांनी त्या युक्तीची पारख केली, शासनाने तिला नियमाचे बळ दिले आणि मग ती रुजली. आपल्या किनाऱ्यावरील तांडेलांच्या हाती अशा किती युक्त्या असतील! संशोधन संस्थांची पथके सातपाटी, वर्सोवा, हर्णे, मिरकरवाडा, मालवण येथील नौकांवर जाऊन त्यांच्याबरोबर चाचण्या घेतील, तर कागदावरील साधनांना पाण्यातील अनुभवाची जोड मिळेल. समुद्रातील मासळी अक्षय आहे, असे एकेकाळी सर्वांनाच वाटे. ती अक्षय राहावयाची असेल, तर आज जाळ्यातून सुटलेले पिल्लू हा तोटा न मानता पुढील हंगामासाठी राखलेले बियाणे मानले पाहिजे.